भिंगरीची अर्धी दोरी

रेड्यानं माझ्या भावाची तीन बोटं कोयत्यानं तोडली त्याला चार दिवस झाले होते, आणि अख्ख्या गावात कुणी काही पाहिलं नव्हतं. भरदुपारी, पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून, आजूबाजूच्या रानात वीस-पंचवीस माणसं कामाला असताना! भाऊ दवाखान्यात पडलेला. हवालदारानं विचारलं तर म्हणतो कसा, "कडबाकुट्टीत हात गेला."

"अरे, तुझ्या घरात कडबाकुट्टी आहे का तरी?" मी ओरडले.

"ताई, गप बस. मला दोन लेकरं आहेत."

तो तसा पडलेला नसता तर मीच त्याच्या दोन मुस्काटात दिल्या असत्या.

रेडा हे त्या माणसाचं माघारी घ्यायचं नाव. तोंडावर सगळे मालक म्हणतात. बायको वारलेली, घरात तो आणि सात वर्षांची लेक. ती एका जागी कधी बसायची नाही, येता-जाता दोरीवर उड्या, म्हणून तिला भिंगरी म्हणायचे. ती आमच्याच शाळेत. मी तिथं झाडलोट करते, घंटा वाजवते. पोरं मला मावशी म्हणतात.

शाळेला एकच बाई, आणि तिसऱ्या प्रहरी बाईंचा मूल्यशिक्षणाचा तास. खरं बोला, रांग मोडू नका, दुसऱ्याची वस्तू परत करा. मी व्हरांडा झाडता झाडता ऐकायची आणि मनात म्हणायची, बाई, या गावात खरं बोललं की दात हातात येतात, लेकरांना काहीतरी कामाचं शिकवा. पण बाई हट्टाच्या. त्यांनी पुठ्ठ्याचा एक खोका ठेवला होता. सापडलेली वस्तू त्यात टाकायची. ज्याची असेल त्यानं पुढं येऊन खूण सांगायची, कुठं गेली ते सांगायचं. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि वस्तू त्याला द्यायची. पेन्सिली यायच्या, बटणं यायची, एकदा तर कुणाचा तरी दुधाचा दात आला.

पाचव्या दिवशी सुताराच्या पोरीनं दप्तरातून कोयता काढला.

"बाई, ओढ्यात सापडला."

पात्यावर काळं काहीतरी वाळलेलं. माझ्या हातातला झाडू गळून पडला. मुठीला निळी दोरी घट्ट गुंडाळलेली होती, आणि ती बघून भिंगरी टुणकन उठली.

"बाई, हा आमचा! ती माझी उड्यांची दोरी आहे. बाबांनी अर्धी कापून मुठीला बांधली. बाबा म्हणाले होते चोरीला गेला, तो हाच!"

काय आनंद झाला होता लेकराला! बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी कोयता कपाटात टाकला, किल्ली माझ्या हातात दिली आणि भिंगरीला जवळ घेऊन म्हणाल्या, "घरी काही बोलू नको हं."

"पण लपवायचं नसतं, असं तुम्हीच सांगितलं ना?"

बाईंनी हवालदाराला निरोप धाडला, आणि हवालदार उद्या दुपारी येतो म्हणाला.

रेडा सकाळीच आला. माझी घंटा व्हायच्या आत, पोरं वर्गात जमत असताना. भिंगरीला दंडाला धरून फरफटत आणली होती. तिचा एक डोळा सुजून मिटला होता.

"कुठाय तो कोयता?"

"तुमचा असेल तर देते," बाई म्हणाल्या. "कुठं हरवला, कधी हरवला, तेवढं मुलांना सांगा."

त्यानं बाईंच्या तोंडावर असा हात हाणला की त्या फळ्यावर जाऊन आदळल्या. ओठ फाटला, पदरावर रक्त ओघळलं. पोरं किंचाळत कोपऱ्यात गोळा झाली. त्यानं लाथ मारून खोका फोडला, कपाटाला दोन धक्के दिले, मग माझ्याकडे वळला.

"किल्ली दे."

"नाही देत."

पोटात बुक्की बसली आणि मी खाली पडले. किल्ली मुठीत होती. त्यानं माझ्या मुठीवर बुटाचा पाय ठेवला आणि सगळा भार दिला. बोटं मोडल्याचं मला ऐकू आलं. मला भावाची बोटं आठवली आणि डोक्यात असं रक्त चढलं की मी त्याच्या पोटरीला कडकडून चावले. तो बोंबलला. तेवढ्यात शेताकडे निघालेली माणसं दारात गोळा झाली. नेहमीसारखी नुसती बघत. पण बघत होती, आणि ते त्याच्या लक्षात आलं.

लगेच त्याचा आवाज बदलला. "कसला कोयता? माझा नाही. काय गं, आपला आहे का?"

भिंगरीनं बाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

"ऐकलंत?" म्हणत तो लंगडत निघून गेला. मारापेक्षा त्या पोरीचं 'नाही' मला जास्त लागलं.

दुपारी हवालदार आला आणि पोरांच्या इवल्याशा बाकावर कसाबसा बसला. कोयता उलटसुलट करून म्हणाला, "मालक कोण?" बाईंनी आणि मी रेड्याचं नाव सांगितलं, तर म्हणाला, त्याची पोरगीच नाही म्हणाली. "मग बेवारस लिहितो."

जेवणाच्या सुट्टीत भिंगरी घरी पळाली होती. ती आता धापा टाकत आली आणि तिनं फाटक्या खोक्यात काहीतरी टाकलं. निळी दोरी. एका टोकाला लाकडी मूठ, दुसरं टोक कापलेलं.

"बाई, हे सापडलंय."

"कुणाचं आहे?" सुजलेल्या ओठांनी बाईंनी विचारलं.

"माझं. आमच्या ओसरीत बाबांनी कापली. बाकीची त्या कोयत्याला आहे." मग ती खाली बघत म्हणाली, "सकाळी मी खोटं बोलले."

हवालदारानं कापलेलं टोक कोयत्याच्या मुठीवरच्या टोकाला लावून पाहिलं, बरोबर जुळलं. कुणीतरी एकानं टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवल्या. नियमच होता. माझा एक हात फडक्यात बांधलेला, म्हणून मी दुसरा मांडीवर आपटत होते आणि रडत होते.

हवालदार कोयता आणि दोरी घेऊन रेड्याच्या घराकडे गेला, आणि थोड्या वेळानं त्याला धरून शाळेसमोरून घेऊन गेला. शाळा सुटली, पोरं गेली. भिंगरी बाकावरून उठेना.

"मावशी, बाबांना नेलं. आता मी कुणाच्या घरी जायचं?"

पाच दिवस मी त्या घराचं वाटोळं व्हावं म्हणून तळतळाट करत होते. त्या घरात हीसुद्धा राहते, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

"माझ्याकडे चल."

"तुमचा भाऊ रागावेल."

"रागवू दे. निदान त्याला तोंड तरी फुटेल."

ती चालू लागली. अर्ध्या वाटेत थांबून म्हणाली, "टाळ्या वाजवल्या, पण दोरी मला दिलीच नाही."

घरी गेल्यावर मी गाईचं दावं सोडलं. हात चालत नव्हता, म्हणून एक टोक दातात धरलं आणि तिच्या उंचीला पुरेल एवढं कापलं.