खडूच्या पुडीवरची रेघ

“मामा, एक काय ते सांगा. हेड ठेवायचं का टाकायचं?”

करिष्मानं मालोजीला पुन्हा विचारलं. तिच्या मोटरसायकलचं इंजिन सांगवीतल्या त्याच्या गॅरेजात उघडं पडलं होतं. सिलिंडरवर झाकणासारखं बसणारं ॲल्युमिनियमचं हेड घासूनपुसून त्यानं हातात धरलं होतं. व्हॉल्व्हची बैठक आणि प्लगचं भोक यांच्यामध्ये एक बारीक रेघ होती. ती चीर असेल तर हेड बाद. नुसता ओरखडा असेल तर आणखी काही वर्षं सहज चालेल. एवढीच गोष्ट, पण सकाळपासून त्याला ती ठरवता येत नव्हती.

“उद्यापासनं चाकणला फर्स्ट शिफ्ट आहे माझी,” करिष्मा म्हणाली. “पहाटे अंधारात त्या रस्त्याला गाडी बंद पडली तर काय करू मी?”

“तेच बघतोय, पोरी.”

“कवाधरनं बघतोय,” बाकावरून आबाजी म्हणाला. आबाजी मूळचा सांगवीचा. शेतात इमारती उभ्या राहिल्यापासून दिवस काढायला तो इथंच येऊन बसायचा. “एवढा येळ लग्नाची पोरगी बघायला बी लागत न्हाई. नवं घाल आन् मोकळा हो राव.”

“चांगलं असेल तर उगाच कशाला टाकायला लावू तिला?”

“मग ऱ्हाऊ दे जुनं.”

“आणि चीर असली तर?”

“मग नवं घाल. मी काय, दोन्हीला व्हयच म्हंतो.”

करिष्मा हसली, मालोजीला हसू आलं नाही. मागं एकाला त्यानं असंच एक हेड चांगलं आहे म्हणून बसवून दिलं होतं. काही दिवसांनी तो गाडी ढकलत आला, बिघाड दाखवला आणि एक शब्दही न बोलता तशीच ढकलत दुसरीकडे घेऊन गेला. भांडला असता तर बरं झालं असतं. चूक हेडची होती की आपली, हे तरी त्या भांडणात कळलं असतं. वाचनालयातून आणलेलं पुस्तकही हल्ली त्याच्यासमोर नुसतं उघडं असायचं. ओळी सरळ राहत नसत. झोप कमी झाली असेल, असं तो स्वतःला सांगायचा.

त्यानं हेडला रॉकेल लावलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड भुरभुरली. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल वर येतं आणि पुडीवर काळसर रेघ उमटते. थोडा वेळ थांबून त्यानं पाहिलं. रेघ होती. दारात उन्हाकडे नेलं तर नव्हती. पुन्हा आत आणलं तर होती.

“तू बघ गं जरा.”

करिष्मा वाकली. “आहे काहीतरी. पण तुमच्या बोटाचा ठसाही असेल. मला यातलं काय कळतंय?”

सुट्या भागांच्या दुकानदारानं बघायला म्हणून दिलेलं नवं हेड खोक्यातच होतं. मनाचा गोंधळ मिटावा म्हणून मालोजीनं त्याच्यावरही तसंच रॉकेल लावलं, पुसलं, पूड टाकली. त्या कोऱ्या हेडवरही त्याला रेघ दिसली. त्यानं हेड हातात हळूहळू फिरवलं. हेड फिरलं, पण रेघ फिरली नाही. ती होती तिथंच, त्याच्या नजरेसमोर राहिली.

मग त्यानं दोन्ही हेडं फडक्यात बांधली.

“वाकडला जाऊन येतो. रणजीतकडं.”

“तुझ्या हाताखाली शिकलेला त्यो?” आबाजी म्हणाला. “त्याला तू इचारनार?”

“हेड दाखवणार.”

“मीपण येते,” करिष्मा म्हणाली. दोघं रिक्षानं वाकडला पोचले.

रणजीतच्या गॅरेजात गाड्यांची रांग होती, दोन-तीन कारागीर कामाला होते. उस्तादला बघून तो हात पुसत उठला. “तुम्ही कशाला आलात? निरोप द्यायचा, मी आलो असतो.” त्यानं पुढं केलेल्या स्टुलावर मालोजी बसला नाही. त्यानं फडकं सोडलं. रणजीतनं दोन्ही हेडांवर रॉकेल लावून पुसलं, पूड टाकली आणि त्याची नजर लगेच एका जागी थांबली.

“नवं स्वच्छ आहे. जुन्याला चीर आहे, उस्ताद, बैठकीपासून पार प्लगपर्यंत. पण हे तर तुम्ही...” त्यानं उस्तादच्या डोळ्यांकडे पाहिलं.

“म्हणजे टाकायचंच ना?” करिष्मानं विचारलं.

“टाकायचं,” मालोजी म्हणाला. मग त्यानं जुनं हेड जवळ ओढून बोट पुढं केलं. “कुठं आहे? दाखव.”

रणजीतनं कारागिरांकडे पाठ केली, उस्तादचं बोट धरलं आणि पुडीवरून हळूच ओढत नेलं.

“हं.” मालोजीनं बोट फडक्याला पुसलं. “नवं हिच्या गाडीला तूच बसव. मी पाने देतो हाताशी.”