सांजेचं शिंपण

कपाशीवरच्या माव्याला औषध सापडलं तेव्हा सूर्यभानने अख्ख्या सावरखेडात गूळ वाटला.

साता समुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती. विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला बरे दिवस आले होते. अकोल्याच्या बाजारात कापसाची गाडी उभी राहायच्या आत गिऱ्हाईक धावत येई. पेढी नदीकाठच्या सावरखेडात लोकांनी ज्वारी मागे सारून बांधापर्यंत कपाशी पेरली होती. सूर्यभानची कपाशी त्यात सगळ्यांत हिरवी. पण भादव्यात पानांच्या पाठीमागे मावा बसला, पानं चिकट होऊन मुरडू लागली. गावकऱ्यांनी देवाला नारळ फोडले. सूर्यभानने तंबाखूची देठं आणून गुळाच्या पडून असलेल्या काहिलीत उकळली, त्यात रिठ्याचा फेस मिसळला, आणि निंबाच्या डहाळीने तो रोज सकाळी ते पाणी पिकावर शिंपडायला लागला. थोड्याच दिवसांत मावा वाळून गळू लागला, मात्र शिंपणं थांबलं की तो पुन्हा बसे.

बांधाला लागून केशवराव माळ्याची वाडी होती. तिथे त्याची बायको सत्यभामा कोहळी, वाळकं आणि दोडके लावायची आणि माल अमरावतीच्या बाजारात न्यायची. कोहळ्याच्या वेलावर दोन जातींची फुलं येतात. ज्या फुलाखाली बारकंसं कोहळं असतं, त्याच्यावर दुसऱ्या जातीच्या फुलावरून आलेली मधमाशी बसून गेली तरच ते कोहळं धरतं, नाहीतर पिवळं पडून गळतं. त्या वर्षी वेल मांडवभर पसरले होते, फुलंही भरगच्च होती, पण बारकी कोहळी रोज सकाळी मातीत गळून पडलेली दिसत. सत्यभामेने पाणी वाढवलं, खत घातलं. मग एका सकाळी तिच्या ध्यानात आलं, की वाडी फार शांत आहे. दरवर्षी फुलाफुलांत गुणगुण चालायची, ती कुठेच नव्हती. बांधावरच्या बोरीत एक मोहोळ होतं. तिने वाकून पाहिलं. पोळ्यावर थोड्याच माश्या उरल्या होत्या आणि खाली पाचोळ्यात मेलेल्यांचा सडा पडला होता.

सूर्यभानची बायको शकुन तिची जिवाभावाची मैत्रीण. म्हणून भांडायला न जाता सत्यभामा तिच्या ओट्यावर जाऊन बसली आणि जे पाहिलं ते सांगितलं, तंबाखूच्या पाण्याचा संशयही बोलून दाखवला. सूर्यभान आतून ऐकत होता. तो हसतच बाहेर आला. तंबाखू तर आपण रोज तोंडात धरतो, त्याने माश्या मरत असत्या तर सावरखेड केव्हाच ओस पडलं असतं, असं त्याचं म्हणणं. सत्यभामेलाही हसू आलं. पण ती उठली नाही.

"भाऊ, तुमी म्हणता तसं असंल बी. पण एकदा पाहून तर घेऊ," ती म्हणाली.

पाहायचं म्हटल्यावर सूर्यभानला चेव आला. बेत त्यानेच रचला. अर्ध्या शेतावर पाणी शिंपडायचं, अर्धं कोरडं ठेवायचं, आणि दोन्हीकडे कपाशीच्या ओळींमधून पांढरी धोतरं अंथरायची. माशी मेली तर पांढऱ्यावर लगेच दिसेल. शकुनने पेटीतली जुनी धोतरं काढून दिली. सकाळी पिवळी फुलं उमलली तशी शिंपणी झाली. उन्हं कलल्यावर तिघं पाहायला गेली. कोरड्या बाजूचं धोतर स्वच्छ होतं आणि शिंपलेल्या बाजूचंही स्वच्छ. सूर्यभानने तेच धोतर खांद्यावर टाकलं आणि गावभर मिरवत नेलं. चावडीवर त्याने सगळी गोष्ट साभिनय सांगितली. लोक खूप हसले. सत्यभामा घरी गेली. आपलंच काहीतरी चुकलं असेल, असं तिला वाटलं.

शिंपलेल्या बाजूला आणखी एक धोतर अंथरलेलं होतं, ते त्या गडबडीत शेतातच राहिलं. दुसऱ्या दिवशी शकुन ते आणायला गेली, ती धावतच वाडीत आली आणि सत्यभामेचा हात धरून तिला ओढत घेऊन गेली. धोतराच्या काठावरून मुंग्यांची रांग निघाली होती. प्रत्येकीच्या तोंडात काही ना काही होतं, कुणाच्या पंख, कुणाच्या पाय. दोन मुंग्या मिळून एक अख्खी माशी ओढत होत्या. आणि वरच्या बाभळीवर माश्या टिपणारे वेडे राघू ओळीने बसून खालच्या मेजवानीची वाट पाहत होते.

"पाह्य वं बाई," शकुन म्हणाली, "आपण पाहाले येऊन राहिलो जेवणं झाल्यावर."

पुन्हा शिंपणी ठरली. या खेपेला धोतरांभोवती राखेची जाड रेघ ओढली, म्हणजे मुंग्या आत येणार नाहीत. राघू हाकलायला शकुन आणि सत्यभामा दोन्ही टोकांना डबे वाजवत बसल्या. सूर्यभान शिंपलेल्या बाजूला उकिडवा बसला. ऊन चढलं तशा माश्या आल्या. काही फुलांत शिरल्या, काही पानांवरचा चिकट रस चाटू लागल्या. थोड्या वेळाने एक धोतरावर पडली आणि पाठीवर गरगर फिरू लागली. मग दुसरी. मग टपटप पडतच राहिल्या. पलीकडच्या कोरड्या बाजूला नुसती गुणगुण चालली होती.

सूर्यभानने एक माशी तळहातावर घेतली. तिची तडफड थांबल्यावर त्याने तिला अलगद मातीवर ठेवलं.

"वयनी," तो म्हणाला, "मले वाटलं, मी निस्ता मावाच मारून राहिलो."

आता काय करायचं हे कुणालाच कळेना. पाणी बंद केलं तर मावा कपाशी खाणार, चालू ठेवलं तर कोहळी जाणार. सूर्यभान म्हणाला की पाणी बंद करतो. सत्यभामेने त्याला थांबवलं. तुमचं पीक बुडवून माझ्या वेलाला फळ नको, असं तिने स्पष्ट सांगितलं. तिघं बांधावर बसून राहिली. दिवस मावळतीला गेला. कपाशीची फुलं मिटून लालसर झाली, कोहळ्याची तर दुपारीच मिटली होती. बोरीतल्या उरल्यासुरल्या माश्या पोळ्याला चिकटल्या.

"ह्या तर दिवेलागणीले घरी जातात," सत्यभामा हळूच म्हणाली. "भाऊ, तुमी सकाळीच काहून शिंपता?"

सूर्यभान कानाच्या पाळीला हात लावून हसला. त्याचं असं होतं, की संध्याकाळी गावात खडी गंमत बसायची. डफ-तुणतुण्यावर नाचगाणं, सवाल-जबाब, आणि त्यात साडी नेसून नाचणारा नाच्या म्हणजे हाच. दसऱ्याचा खेळ जवळ आला होता. तालीम चुकवायची त्याची तयारी नव्हती.

शकुनने तो प्रश्न चुटकीसरशी सोडवला. तालीम शेतातच भरवा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सांजेला डफवाला नत्थुजी पुढे, मागे सगळी मंडळी हातात निंबाच्या डहाळ्या घेऊन कपाशीत उतरली. नत्थुजी ठेका धरी, बाकीचे मागून झील ओढत पानापानावर पाणी उडवीत. सूर्यभान तर गिरकी घेऊन शिंपडायचा. अंधार पडायच्या आत शेत आटोपलं. सकाळी राखेच्या रेघेआड धोतरं पुन्हा अंथरली. त्यांच्यावर माश्या पडल्याच नाहीत असं नाही, पण पडल्या त्या इकडे एखादी, तिकडे एखादी. मावाही जागेवरच वाळला होता. सत्यभामेने त्यांतलं एक धोतर झटकलं आणि शकुनच्या डोक्यावरून ओढणीसारखं टाकलं. दोघी हसत हसत बांधावर बसल्या.

पुढे गावातले बाकीचेही सांजेलाच शिंपू लागले. बोरीतलं पोळं हळूहळू भरत गेलं आणि सत्यभामेच्या वेलांवर कोहळी धरायला लागली. दसऱ्यानंतर मांडवाखालून वाकून जावं लागे, इतकी ती लोंबली. अमरावतीला गाडी भरून जायच्या आधी तिने त्यांतलं सगळ्यांत मोठं शकुनच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. शकुनने ते किसून, गूळ घालून त्याची बोंडं तळली. गंमतवाली सगळी मंडळी पंगतीला होती. शेतात कपाशीची बोंडं फुटत होती, आणि ताटात ही गोड, गरमागरम बोंडं. नत्थुजीला दोन्हींवर मिळून एक कवन सुचलं, पण तोंड भरलेलं असल्यामुळे ते कुणालाच धड ऐकू आलं नाही.