दोघांमधलं पान

लूर्दीस मॅडमचा फोन आला तेव्हा दीपाली मागल्या दारी कोकमं फोडत बसली होती. दोन्ही हात मनगटापर्यंत लाल. शेवटी सागरने, तिच्या नवऱ्याने, फोन तिच्या कानाशी धरला.

"दीपाली, पानं अजून वाटता येतात की विसरलीस?"

इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकला आणि दीपाली आपोआप ताठ बसली. लग्नाआधी ती पणजीला, मांडवीत उभ्या असलेल्या एका कॅसिनोच्या बोटीवर पानं वाटायची. हिरव्या कापडाच्या अर्धगोल टेबलामागे उभं राहायचं, पिसायचं, वाटायचं, जिंकलेल्याला द्यायचं, हरलेल्याचं ओढून घ्यायचं. लूर्दीस मॅडम त्या सगळ्या टेबलांच्या मुख्य. टेबलावर हसायचं नाही हा त्यांचा पहिला नियम, आणि तो त्या स्वतः टेबलापासून लांब असतानाही पाळत. लग्न होऊन दीपाली रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला आली, तेव्हा सासूबाईंनी आळीत सांगून टाकलं होतं, "सून गोव्याला हॉटेलात होती." दीपालीनेही ते कधी दुरुस्त केलं नाही.

काम असं होतं. बोटीवर पोकरच्या धर्तीवर जे खेळ चालत ते सगळे परदेशी कंपन्यांनी बनवलेले. मालकांना आता स्वतःचा खेळ हवा होता.

"पैज पोकरसारखीच पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "पानं बघायची, दम असेल तर वाढवायचं, नसेल तर पानं टाकून मोकळं व्हायचं. नवख्या माणसाला चहा पिऊन होईपर्यंत कळला पाहिजे. आणि शेवटी थोडंसं बोटीकडे राहिलं पाहिजे. थोडंसंच हां. फार ओढलं तर माणूस उठून जातो."

"पण मला का विचारताय मॅडम?"

"बाकीच्या पोरी वाटताना पानं बघायच्या. तू माणसांची तोंडं बघायचीस."

फोन बंद झाला. मग तिने सागरकडे बघितलं आणि ती एवढी हसली की त्याला वाटलं, हिला लॉटरीच लागली.

सागरचा मिरजोळ्याच्या एमआयडीसीत मशिनचे सुटे भाग बनवायचा छोटा कारखाना. कॉम्प्युटरवर त्याचा हात चांगला. दीपालीने नियम सांगायचे आणि त्याने लॅपटॉपला तो खेळ लाखो वेळा खेळायला लावायचा, असं ठरलं. लॅपटॉप सांगेल, बोटीकडे किती राहतं आणि माणसाकडे किती.

पहिला खेळ लवकर जमला. प्रत्येकाला तीन पानं, मध्ये दोन पानं सगळ्यांची मिळून, पैज तीन टप्प्यांत वाढवायची. लॅपटॉपने मान डोलावली. आता माणसांवर करून बघायचं राहिलं.

त्यासाठी लांब जायला नको होतं. दुपारचं जेवण झालं की दीपालीच्या सासऱ्यांच्या, काशीरामअण्णांच्या, पडवीत मेंढीकोटचा अड्डा बसायचा. शेजारचे रशीदकाका, कुवेतला क्रेन चालवून निवृत्त होऊन आलेले, आणि वरच्या वाडीतला केरू हे कायमचे. चौथा भिडू मिळेल तो.

दीपालीने पडवीत हिरवी चादर पसरली तशा सासूबाई, मैनाबाई, बाहेर आल्या.

"ह्या काय? घरात जुगार? तुळशीसमोर?"

"पैसे नाहीत आई. काजूच्या बिया लावायच्या."

रशीदकाकांनीही विचारून घेतलं. "पैशाचा नाय ना? मग बसतो. तिथं बोटीवर कोण काय करील ता त्यांचा."

मैनाबाईंनी बियांची टोपली आणून आदळली. "घ्या. पण मोजून परत हव्यात. भाजायच्यात मला."

खेळ सुरू झाला. तिघेही शहाण्यासारखे खेळले. पानं बघितली, बिया पुढे सरकवल्या, कधी पानं टाकली. केरूने दोनदा जांभई दिली. थोड्या वेळाने रशीदकाका समुद्राकडून वारा कसा सुटलाय ते बघायला लागले आणि काशीरामअण्णांनी हळूच त्यांची जुनी मेंढीकोटची पानं उशाखालून काढली.

"आवडला नाही ना?" दीपालीने विचारलं.

"तसा नाय गो. खेळ बरा हाय." अण्णा सुनेला दुखवायला तयार नव्हते. "पण यात भिडू कोण?"

"भिडू नसतो अण्णा. प्रत्येक जण वाटणाऱ्याविरुद्ध खेळतो."

"म्हणजे रशीद जिंकला काय नि बुडाला काय, माका काय त्याचा? मग त्याच्या बाजूला बसायचा कशाला?"

दीपालीला बोटीवरची टेबलं आठवली. खांद्याला खांदा लावून बसलेली माणसं, आणि कोणी कोणाचं तोंड बघत नाही. आपण इतकी वर्षं ते रोज बघत होतो आणि त्याचं काही वाटलंही नाही, याचं तिला नवल वाटलं. पण पोकरमध्ये भिडू आणायचा कसा? जोड्या लावून खेळवलं तर तो पोकर राहत नाही. तिने दोन-तीन तऱ्हा करून बघितल्या. एक लॅपटॉपने नापास केली, दुसरी केरूने.

मग एका दुपारी ती चौथी तऱ्हा वाटत असताना मांजर चादरीवरून गेलं. अण्णांनी त्याला हाकलायला हात उडवला, तो दीपालीच्या हाताला लागला आणि एक पान निसटून अण्णांच्या आणि रशीदकाकांच्या मध्ये उपडं पडलं.

"माझा हा!" रशीदकाका म्हणाले.

"तुझा कसा? माझ्या मांडीला लागलाय."

"निम्मा माझ्याकडे हाय, बघ की डोळे उघडून!"

"अरे, सरळ कर आधी, काय हाय ता तरी बघूया!"

"नको! तुझ्या हातात काय हाय ता सांग, मग सरळ करू."

दोघेही पोरांसारखे हसत भांडत होते. केरूची जांभई कुठल्या कुठे गेली. तो पुढे सरकून अण्णांच्या पानांत डोकवायला लागला. दीपालीचा हात गड्डीवर तसाच राहिला.

"थांबा," ती म्हणाली. "ते पान दोघांचं."

संध्याकाळी सागर घरी आला तेव्हा पडवीभर बिया पसरलेल्या आणि बायको जमिनीवर खडूने रेघा ओढत बसलेली. तिने त्याला हाताला धरून खाली बसवलं.

"बघ. प्रत्येकाला तीन पानं. दोन शेजाऱ्यांच्या मध्ये एक पान उपडं, ते दोघांच्या हिशेबात धरायचं. म्हणजे तुझी तीन, डावीकडचं एक, उजवीकडचं एक. झाला पाच पानांचा पोकरचा हात. कडेला बसलेल्यांचा एक शेजारी म्हणजे वाटणारी. तिच्या बाजूची पानं नेहमी उघडतात, ती धरून तिचीही पाचच."

"आणि मधलं कधी उघडायचं?"

"दोघांनी पैज वाढवली तरच! एकाने जरी पानं टाकली तरी मधलं पान उपडंच राहणार, आणि दुसऱ्याला चारच पानांवर लढायचं."

सागरने खडूच्या रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "म्हणजे माझी पानं चांगली असतील तर तू थांबायला हवीस. मी तुला थांबवायला बघणार. खोटं बोलून सुद्धा."

"बोल की! टेबलावर बोलायला पूर्ण मोकळीक. पानं मात्र दाखवायची नाहीत."

"नाव काय ठेवलंस?"

"गडगा." दोन घरांच्या मधली दगडाची भिंत. ती धड याची नसते नि धड त्याची नसते, आणि पडली तर दोघांचंही नुकसान. नाव अण्णांनीच सुचवलं होतं.

लॅपटॉप पहिल्यांदा नाराज झाला. बोट फारच जिंकत होती. मग दीपालीने एक बक्षीस घातलं: मधलं पान उघडून दोन्ही शेजाऱ्यांनी वाटणारीला हरवलं, तर दोघांनाही वर जादा. ते कमी-जास्त करता करता एका सकाळी सागरने कारखान्यातून फोन केला, "बसला! थोडंसंच राहतंय बोटीकडे!" आणि दीपालीने ओट्यावर उकळत असलेलं दूध उतू जाऊ दिलं. मैनाबाईंनी पुटपुटत ओटा पुसला. दुपारी मात्र त्या कुंपणावरून शेजारणीला सांगत होत्या, "सून माझी खेळ बनवते हो. बोटीवर खेळणार लोक तो. कॅसिनोची बोट."

लूर्दीस मॅडम मे महिन्यात स्वतःच आल्या. सकाळच्या गाडीने यायचं आणि दुपारच्या गाडीने परत, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. करड्या रंगाची साडी, तोंडावरची सुरकुती हलत नव्हती. केरू नेमका चिपळूणला गेलेला, तेव्हा त्याच्याऐवजी मॅडम खेळायला आल्या आणि अण्णा नि रशीदकाकांच्या मध्ये बसल्या. अण्णांनी नवा सदरा घातला होता. दीपाली समोर, वाटायला.

"लोक बोलणार टेबलावर?" मॅडमनी पहिलाच प्रश्न टाकला. "मग खुणा करतील. संगनमत होईल."

"होऊ दे मॅडम. सगळे बोटीविरुद्धच आहेत. सागरने तसं पण खेळवून बघितलंय, सगळे एकमेकांना खरं सांगतायत असं धरून. तरी बोट बुडत नाही."

"आणि सगळे खरं सांगतात?"

दीपालीने रशीदकाकांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते.

पहिले काही डाव मॅडम मोजूनमापून खेळल्या. मग एका डावात त्यांनी आपली पानं बघितली आणि टाकायला हात उचलला.

"मॅडम, थांबा," रशीदकाका अगदी काकुळतीला येऊन म्हणाले. "म्हातारा मानूस मी. आयुष्यात पहिल्यांदा असली पानं आलीत. मधला उघडू द्या. तुमचाही भला होईल."

"नका ऐकू हो त्याचा!" दारात उभ्या मैनाबाई ओरडल्या. पानांना हात लावणार नाही अशी त्यांची प्रतिज्ञा होती, पण ओरडण्याबद्दल काही ठरलेलं नव्हतं.

मॅडमनी रशीदकाकांचा चेहरा न्याहाळला. हजारो जुगाऱ्यांचे चेहरे वाचलेली बाई ती. पानं टाकायला उचललेला हात मागे घेत त्यांनी बिया पुढे सरकवल्या. मधलं पान उघडलं, चौकटची दुर्री. रशीदकाकांनी आपली पानं दाखवली. त्यांच्याकडे एक दुर्री होती, बाकी कचरा. त्या मधल्या पानाने त्यांची जोडी झाली आणि दीपालीच्या हातात तीही नव्हती. मॅडमची पानं मात्र कशालाच जुळली नाहीत.

"असली पानं!" मॅडम म्हणाल्या. "ही असली पानं?"

"असलीच म्हणालो. चांगली कुठं म्हणालो?"

आणि मग लूर्दीस मॅडम हसल्या. आधी नाकातून, मग खांदे हलवत, मग डोळ्यांना पदर लावून. त्यांच्या पुढच्या दोन दातांत फट आहे हे दीपालीला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"वाट गो बाय," त्या म्हणाल्या. "या माणसाला मी सोडत नाही."

त्यानंतर काय झालं ते धड कोणालाच सांगता येईना. मॅडमनी अण्णांना फितवलं, अण्णांनी मॅडमना फसवलं, रशीदकाका एकदा खरं बोलले तर कोणी विश्वास ठेवला नाही आणि त्यांच्या दोन राजांचा तिय्या करणारा मधला राजा उपडाच राहिला. मैनाबाई आतून येऊन येऊन ओरडत होत्या आणि माशाचं कालवण उतू जाता जाता वाचलं. सागरने दोनदा घड्याळ दाखवलं.

"मॅडम, गाडी."

"एकच डाव."

तिसऱ्यांदा तो म्हणाला, "मॅडम, ती शिट्टी ऐकलीत ना? तीच तुमची गाडी."

मॅडमनी मान वर केली, दूर जाणारा आवाज ऐकला आणि पानांकडे बघत म्हणाल्या, "बरं झालं. आता घाई नाही. काशीरामबाब, तुम्ही थांबताय की टाकताय?"

जेवायला बसल्यावर त्या पुन्हा पूर्वीसारख्या गंभीर झाल्या. बांगड्याचं कालवण भातावर घेत त्यांनी दीपालीला कामाचं सांगितलं. आधी एकच टेबल. त्याआधी बोटीवरच्या मुलामुलींना शिकवायला दीपालीने पणजीला यायचं. नियमांत एक बदल: बोलायला मोकळीक, पण शेजाऱ्याला हात लावायचा नाही.

"म्हणजे... घेतलात खेळ?" दीपालीने विचारलं.

"मी कधी गाडी चुकवलीय का आजवर?" मॅडम म्हणाल्या आणि आणखी भात मागितला.

पावसाळा सरत आला तेव्हा दीपाली पणजीला गेली. सागर सोबत होता. शिकवायच्या खोलीत नवं टेबल लावलं होतं. हिरव्या कापडावर देवनागरीत आणि इंग्रजीत 'गडगा' छापलेलं, आणि दर दोन जागांच्या मध्ये भिंतीचं छोटं चित्र. दीपालीने कापडावरून सावकाश हात फिरवला. फोटो काढून तिने घरी पाठवला. लगेच अण्णांचा बोलून पाठवलेला निरोप आला, पाठीमागे रशीदकाकांचं खोकणं आणि मैनाबाईंची "मलाही बघू द्या" अशी घाई.

"दीपाली, चित्रात विटा काढल्यानी गो! विटांचा गडगा असतो काय कधी? जांभ्या दगडाचा काढायला सांग त्यांना. आणि तू जेवलीस काय?"

दीपाली हसत सुटली. तिने तो निरोप मॅडमना ऐकवला. मॅडमनी कपाळाला आठी घालून कापडाकडे बघितलं, छापणाऱ्याला जागच्या जागी फोन लावला आणि त्याला जांभा दगड कसा दिसतो ते समजावू लागल्या.

एव्हाना पोरंपोरी टेबलाभोवती येऊन बसली होती. कोणी हुबळीचं, कोणी मणिपूरचं, कोणी काणकोणचं. बहुतेक एकमेकांना नावानेही ओळखत नव्हती. दीपालीने नवी गड्डी फोडली. हात विसरले नव्हते, पानं पाण्यासारखी वाहत होती.

"आपल्या शेजारी कोण बसलंय ते आधी नीट बघून घ्या," ती म्हणाली, आणि वाटायला लागली.