सात नंबरची टेकडी

अठरा मीटर उंच, बाभळीची, उतार पश्चिमेला.

"सांगतो की फोनवर."

मेलेला रणगाडा धुमसत नाही, पडद्यावर नुसता राखाडी होतो.

होटगीचं फाटक बंद.

या चार गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं गुरुशांत सरांचं म्हणणं. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या संघप्रियाचं डोकं त्यावरूनच तापलं होतं.

सोलापुरातली कंपनी छोटी, काम मोठं. तीन शहरांतल्या लष्करी छावण्यांत रणगाड्यांचे सिम्युलेटर, म्हणजे खोलीत बसून लढाई शिकायची यंत्रं. ती एकमेकांना जोडायची, तिन्हीकडे एकच रणांगण दिसावं म्हणून. एका छावणीतलं यंत्र जुनं, धापा टाकणारं. त्याचा भार कमी व्हावा म्हणून सरांनी तिथल्या नकाशातली सात नंबरची टेकडी काढायला लावली. संघप्रियानं काढली आणि विचारलं, "बाकी दोन्हीकडनं पण काढायची ना?"

"सांगतो की फोनवर."

या ऑफिसात सगळं फोनवरच. लिहून मागणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास. शनिवारी, सरावाच्या दिवशी, सर होटगीच्या रेल्वे फाटकात अडकले, घाईत आले. सांगायचं राहिलं.

दुसऱ्या छावणीत हवालदार भारत मान्यांनी रणगाडा टेकडीआड नेला. जुन्या यंत्रावरच्या शत्रूला टेकडी नव्हतीच. त्याला दिसला मोकळ्या माळावर उभा रणगाडा. दोन गोळे. राखाडी.

"मॅडम, म्या टेकडीमागंच हुतो की," हेडसेटमध्ये माने म्हणाले. मोडनिंबचा माणूस, सोळा वर्षांची नोकरी. उस्ताद, म्हणजे रणगाड्यावरचा प्रशिक्षक, व्हायच्या कोर्सला त्यांचं नाव लागायचं होतं, ते याच निकालावर.

सोमवारी सरांनी 'शिकलेले धडे' नावाचा अहवाल तिच्यापुढे टाकला. धडा पहिला: हवालदाराने आडोसा घेतला नाही.

"सर, हे खोटंय."

"खोटं कसं? शत्रूच्या पडद्यावर आडोसा होता का?"

"आपण काढला म्हणून नव्हता."

"हळू बोल. तीन शहरं जोडली आपण. पेढे वाटायचे सोडून टेकड्या उकरत बसलीस."

"त्यांचा कोर्स जाईल."

"पुढच्या वर्षी करतील की. सही कर, ताई."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठ महिने काम तिनं केलं, तेव्हा ते 'आमच्या टीमचं'. सही हवी असली, की 'ताई'.

तिनं पहिला धडा आडवा खोडला. वर लिहिलं: 'टेकडी एका ठिकाणची मी काढली, सरांच्या सांगण्यावरून. इतरांना कळवलं नाही. माने आडोशालाच होते.' खाली सही. कागदाचा फोटो आणि दोन्ही पडद्यांची चित्रं तिनं तिन्ही छावण्यांना एकदम पाठवली.

"काय केलंस कळतंय का तुला?"

"लिहून दिलं, सर."

बुधवारी मान्यांवरचा शेरा रद्द झाला. गुरुवारी संघप्रियाला कामावरून काढलं, तेही फोनवर.

शनिवारी सराव सुरू होण्याआधी मान्यांनी हेडसेटवर विचारलं होतं, नकाशा सगळीकडे सारखाच आहे ना, आणि गुरुशांत सरांनी उत्तर दिलं होतं, "आहे."