आक्कांचा रिकामा हेडर

ग्रंथालयाची नवी वेबसाइट सुरू होऊन तिसराच दिवस होता. सकाळी आक्कांचा फोन आला, तो धाकटीने घेतला. चाळिशी उलटली तरी ऑफिसात तिला धाकटीच म्हणत. नाव ठेवलं होतं काकांनी, तिच्या पहिल्या साहेबांनी. आक्का त्यांची थोरली बहीण.

आक्कांना दिसत नसे. कॉम्प्युटर त्यांना पान वाचून दाखवी. आता म्हणे तो चित्रांची नि बटणांची नावंच बडबडत सुटला होता, पुस्तकापर्यंत पोचतच नव्हता.

धाकटीला कारण लगेच उमगलं. पान मागताना ब्राउझर सर्व्हरला बारीकसारीक सूचना धाडतो, त्यांना हेडर म्हणतात. बहिणीच्या ब्राउझरला काकांनी असा एक जादा हेडर जोडून दिला होता. तो दिसला की सर्व्हर नुसता मजकूर पाठवी. काकांना जाऊन सहा वर्षं झाली होती, पण हेडर रोज येत होता.

तिने सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. आजही आला होता. नाव होतं, पुढची जागा कोरी. नव्या कोडमध्ये तिनेच लिहिलं होतं, आत मजकूर असेल तरच हेडर आला असं समज.

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात तिने हीच चूक केली होती. काका रागावले नव्हते. खिडकीजवळच्या आपल्या डगमगत्या टेबलाच्या खणातून एक पाकीट काढून त्यांनी तिच्यापुढे ठेवलं होतं. आत काहीच नव्हतं.

"पाकीट आलंच नाही आणि पाकीट रिकामं आलं, यात फरक आहे की नाही?"

तेव्हा ती मान डोलावून मोकळी झाली होती. आज ती त्या टेबलाच्या जागी ठेवलेल्या प्रिंटरकडे बराच वेळ बघत बसली.

मग तिने एक ओळ बदलली. हेडर नसताना, कोरा असताना, भरलेला असताना, तिन्ही तऱ्हांनी तपासून पाहिलं आणि आक्कांना फोन लावला. पलीकडे यंत्राचा आवाज सुरळीत वाचू लागला. हेडर कोरा आल्यामुळे घोळ झाला होता, असं तिने सांगितलं.

"त्यात काय लिहू, असं विचारलं होतं त्याने मला," आक्का म्हणाल्या. "मी म्हटलं, काही नको. मी आलेय एवढं कळलं की झालं."

मग त्या काकांच्या लहानपणाबद्दल बोलत राहिल्या. धाकटी ऐकत राहिली. मीटिंगला ती अर्धा तास उशिरा गेली.