लाल कापडातली कुंडी

माझा नवरा वाईट नाही. त्याला फक्त मदत करायची फार हौस आहे, आणि त्याने मदत केली की ती निस्तरायला मला वेगळा वेळ काढावा लागतो.

पहिली कुंडी त्याच्या मायेनेच गेली. हिंगण्याला एका शेडमध्ये मी बोन्सायसाठी मोठ्या कुंड्या करते. ही आजवरची सगळ्यात मोठी होती, लांबट, उथळ, दोघांनी दोन्हीकडून धरल्याशिवाय जागची न हलणारी. अशी कुंडी ओल्या पोत्यांखाली हळूहळू वाळवावी लागते, वारा लागू न देता. मे महिन्यात पंख्याशिवाय काम करणं म्हणजे काय, ते नागपूरकरालाच विचारा. माझ्या नवऱ्याला, स्वानंदला, माझी दया आली. मी जेवायला घरी गेले तेवढ्यात त्याने शेडमध्ये कूलर आणून सुरू करून ठेवला. कुंडीची एक बाजू भराभर वाळली, दुसरी ओलीच राहिली आणि मधोमध चीर गेली.

"तुह्यासाठीच लावला वं, शामला," तो म्हणाला. त्यानंतर बरेच दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोलत होते.

कुंडी चंपतरावकाकांनी करायला सांगितली होती. काका मूळचे पारशिवनीचे, आता लेकाकडे नाशिकला असतात. शेतातल्या विहिरीच्या दगडांत उगवलेलं उंबराचं रोप त्यांनी तरुणपणी काढून आणलं आणि उथळ कुंडीत वाढवलं. जिथे बदली झाली तिथे ते झाडही गेलं. आता त्यांच्या घराचं काम चालू असताना गवंड्याचं घमेलं वरून पडलं आणि जुन्या कुंडीचे दोन तुकडे झाले. झाडाची मुळं परातीसारखी पसरलेली, टबात घालावीत तर दुमडून मोडणार. म्हणून काकांनी ते झाड एका फळीवर, ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवलं होतं. रोज सकाळी त्यांचा फोन यायचा. "बेटा, आज अजून पानं गळली." रागावत कधीच नसत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

दुसरी कुंडी मी स्वानंदला शेडच्या किल्लीला हात लावू न देता केली. भट्टीत ठेवताना तिच्याखाली वाळू पसरली. माती भाजताना आकसते, आणि एवढ्या मोठ्या तळाला सरकायला जागा मिळाली नाही तर तो फाटतो. भट्टी विझवल्यावर खरा जीव टांगणीला लागला. आत काय झालंय ते दिसत नाही, आणि दार घाईने उघडलं तर गार हवेनेच कुंडी तडकते. मी दारापाशी जायचे, हात लावून पाहायचे, परत यायचे. शेवटी उघडलं तेव्हा कुंडी अख्खी होती, काळपट तांबूस, चारही पाय नीट टेकलेले.

पण ती नाशिकला जायची होती ट्रकने. स्वानंद नागपूरजवळच्या वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये काम करतो, त्यामुळे तिथे माल कसा चढतो ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. 'सांभाळून उचला' हे तिथे मिरचीच्या पोत्यावरसुद्धा लिहिलेलं असतं, मग कोण कशाला वाचतं? मी कुंडी भाताच्या तणसात बसवून भोवती लाकडी चौकट ठोकून घेतली, तरी मला धीर नव्हता.

"तू चिंता नको करू, मी पाहतो," स्वानंद म्हणाला. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

गोडाऊनला पोचले तर चौकटीवर लाल कापड पांघरलेलं, वर नारळ बांधलेला, आणि कापडाला कुंकवाची बोटं.

"हे काय करून ठेवलं?"

"देवी हाये म्हणून सांगतलं सगळ्याइले," तो हळूच म्हणाला. "आता पाय तू."

हमालांनी चपला काढल्या. एरवी खोके भिरकावणारे ते हात कुंडीखाली अलगद गेले. "हळू गा, हळू! देवी हाये!" एकजण ओरडत होता. कुंडी इवलाही गचका न बसता वर चढली. मला स्वानंदचा राग आला होता, खरंच आला होता. पण ते पाहून मी तोंड मिटून घेतलं. देव काय, माफ करेल, उंबर थांबणार नाही, अशी मी मनाची समजूत घातली.

ट्रकचा ड्रायव्हर अंकुश, काटकुळा, कमी बोलणारा. त्याने लांबून नमस्कार केला, चपला काढून सीटखाली सरकवल्या आणि मला विचारलं, "ताई, स्थापनेपर्यंत देवीचं तोंड झाकूनच ठेवा लागते न?"

मी स्वानंदकडे पाहिलं. "बिलकुल," स्वानंद म्हणाला.

ट्रक निघाला आणि माझी झोप गेली. पोचायचा दिवस उलटला तरी तो वाटेतच होता. "गचके लागू नाही म्हणून बिचारा हळू चालवून राहिला," स्वानंद अभिमानाने सांगायचा. तिकडे काका म्हणत होते, "बेटा, एक फांदी सुकली."

शेवटी एका दुपारी काकांचा फोन आला आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढलेला होता.

"गाडी सकाळपासून फाटकात उभी हाये, पण हा माणूस सामान उतरवू देत नाही! म्हणते आज अमावास्या हाये, अमावास्येले देवी घरात घेत नाही, उद्या उतरवतो. मी म्हटलं कापड काढून दाखव, त हात लावू देत नाही. म्हणते, तोंड उघडं पडते. बेटा, ही कोणती देवी पाठवली तू?"

"काका, झाड कसं आहे?"

"मुळं काळी पडून राहिली. उद्यापर्यंत नाही टिकत ते."

मी स्वानंदला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, पण डोकं चालूच होतं. "मी अंकुशले सांगतो, भटजीनं म्हटलं का अमावास्या संपली."

"अजून एक खोटं? दे फोन इकडे!"

फोन हातात घेतला खरा, पण बोट नंबरावर टेकवेना. खरं सांगितलं आणि तो माणूस चिडला तर? कुंडी त्याच्याच ताब्यात होती. एक लाथ पुरे होती. नाही सांगितलं तर झाड जाणार होतं. मी नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला.

"अंकुशभाऊ, मी शामला बोलते, नागपूरहून. कापडात देवी नाही. कुंडी आहे, मीच केलेली. तुम्ही जपून न्यावी म्हणून माझा नवरा खोटं बोलला आणि मी गप्प बसले."

पलीकडून रस्त्याचे आवाज येत राहिले.

"कुंडी?" त्याने विचारलं.

"हो."

"झाडाची?"

"हो, भाऊ."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. मग ट्रकच्या फाळक्याची साखळी खणखणली. लाकूड करकरलं. कोणीतरी जोरात काहीतरी म्हणालं. स्वानंद माझ्या तोंडाकडे पाहत होता. धप्पकन आवाज येईल म्हणून मी वाट पाहत होते. तो आला नाही.

"उतरवली, बाबाच्या लेकानं अन् मी," अंकुशचा आवाज आला. "काही नाही झालं तिले. बाबा झाड आणाले गेले."

मी रडायलाच लागले. "भाऊ, माफ करा."

"ताई, एक विचारू?" तो रागावलेला नव्हता, म्हणूनच ऐकवत नव्हतं. "माही पोरगी दवाखान्यात हाये. मी रस्ताभर रोज सकाळी उदबत्ती लावून हिच्यापाशी मागून राहिलो होतो. पायात चप्पल नाही घातली. वाटलं, एवढी देवी आपल्याच गाडीत आली, त काही त असंन. मंग ते सगळं कोणापाशी गेलं, ताई?"

तोंडाची मी एरवी एवढी फटकळ.

"नाव काय तिचं?" एवढंच मी विचारलं.

"उन्नती."

फोन ठेवला तेव्हा स्वानंद जमिनीकडे बघत बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"ऊठ," मी म्हटलं. "आंघोळ कर."

"आता?"

"आंघोळ कर अन् देवापुढे बस. त्या माणसानं रस्ताभर जे मागितलं, ते आता तू माग. पहिल्यापासून."

तो वाद न घालता उठला. ओल्या केसांनी येऊन देवापुढे बसला. थोड्या वेळाने मीही त्याच्याशेजारी जाऊन बसले. मला मागता येत नाही, सवय नाही. मी नुसतं त्या पोरीचं नाव घेत राहिले.

"कुठपर्यंत बसाचं?" स्वानंदने हळूच विचारलं.

"पोरगी घरी येईपर्यंत," मी म्हणाले.