शिंपिणीच्या घरची प्रार्थना

माउलीची मूर्ती दर शनिवारी एका घरातून दुसऱ्या घरी जायची आणि चर्चची मंडळी जपमाळ म्हणायला तिच्या मागोमाग. शिंपिणीची पाळी मात्र दोनदा हुकली. एकदा जिना अरुंद म्हणून, एकदा काहीच न सांगता. खरं कारण शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिची लेक मठात गेली होती. ह्या चर्चमधून मिशनकार्याला निघालेली पहिलीच मुलगी, म्हणून सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. ती अकरा महिन्यांत कपड्यांची पेटी घेऊन परतली. तेव्हापासून सहा जणांच्या बाकावर शिंपीण एकटी बसायची. माणसं भिंतीला टेकून उभी राहायची, पण तिच्या शेजारी टेकायची नाहीत.

तिसऱ्या खेपेला निरोप आला, येतोय. शिंपिणीनं मशीन भिंतीशी सरकवलं, चिंध्या पलंगाखाली कोंबल्या, शेजारून खुर्च्या आणल्या.

"बाहेर बसशील ना गं थोडा वेळ?"

"नको आई. पडद्याआड बरी आहे मी."

"अगं, आपलीच माणसं आहेत."

"म्हणूनच."

सतरा जण आले. शिंपिणीला आभाळ ठेंगणं झालं. जपमाळ झाली. मग रिवाजाप्रमाणे एकेकानं मोठ्यानं काही मागायचं आणि सगळ्यांनी म्हणायचं, "प्रभू, आमची प्रार्थना ऐक."

चर्चच्या महिला मंडळाच्या बाईंनी डोळे मिटले. "देवाला दिलेला शब्द ज्यांना पेलत नाही, त्यांच्यासाठी."

"प्रभू, आमची प्रार्थना ऐक."

शिंपिणीचे ओठ नुसतेच हलले.

बेकरीवाला खाकरला. "लेकरांना डोक्यावर बसवून ठेवणाऱ्या आयांसाठी."

ह्या वेळी तिनं पुटपुटून घेतलं. सगळे म्हणतात आणि आपण गप्प, हे बरं दिसलं नसतं.

"आपल्या चर्चची मान ज्यांच्यापायी खाली गेली," गायनमंडळाची मुख्य बाई गोड गळ्यानं म्हणाली, "त्यांनाही क्षमा मिळावी."

नाव कुणी घेतलं नाही. माणसं देवभीरू.

"आता घरची मालकीण," महिला मंडळाच्या बाई म्हणाल्या.

सोळा माना वाकलेल्या होत्या, सतरावी तिच्याकडे बघत होती. शिंपिणीला काहीही मागता आलं असतं. गुडघेदुखी होती, पाऊसपाणी होतं, जगाची शांती तर कुणीही मागतं.

"माझ्या लेकीला," ती म्हणाली, "तिची चूक कळावी."

"प्रभू, आमची प्रार्थना ऐक." सगळ्यांचं म्हणून झाल्यावर पडद्यामागून तोच जबाब आला, एकट्या आवाजात, सवयीचा, स्वच्छ.

मंडळी चहाला मोकळी झाली. महिला मंडळाच्या बाईंनी शिंपिणीच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या आमच्या बाकावर या हं. जागा धरते."

शिंपीण कप घेऊन पडद्याआड गेली. लेक पलंगावर सरळ पाठीनं बसली होती.

"रागावलीस?"

"नाही गं. मठातही असंच असायचं. रोज संध्याकाळी एकीला मध्ये उभं करायचं, बाकीच्यांनी तिच्यासाठी प्रार्थना करायची. अकरा महिन्यांत बहुतेक वेळा मीच." तिनं कप घेतला नाही. "म्हणून आले. वाटलं, घरी तरी विचारेल कुणी, का आलीस."

"अहो शिंपीणबाई," बाहेरून हाक आली, "साखर आहे का अजून?"

"आणते हं!" शिंपीण म्हणाली आणि कप तिथंच टेकवून निघाली.